चौथीच्या कालपट्टीच्या मोहिमेची हकिकत

बाळांनो, क्षणभर डोळे मिटा आणि मनात एक व्हरांडा उभा करा. लांबी पंधरा मीटर, रुंदी इतकी की दोन मुले समोरासमोरून पळत आली तर एकाने भिंतीला चिकटावे. एका अंगास लोखंडी कठडा आणि त्यापलीकडे खेळाचे मैदान. दुसऱ्या अंगास भिंत, खालून हिरवी, वरून पिवळी. भिंतीच्या आरंभी चौथीच्या वर्गाचे दार, शेवटी तीन पायऱ्या, आणि पायऱ्यांखाली पाण्याचे नळ, ज्यांतला एक नेहमी गळतो. उभा राहिला? आता डोळे उघडा, कारण पुढे वाचायचे आहे. मात्र व्हरांडा मनातून जाऊ देऊ नका. मोहीम तेथेच जाहली.

प्रभुकृपेकरून मिशनच्या प्राथमिक शाळेत, दुसऱ्या सत्राच्या तिसऱ्या आठवड्यात, मंगळवारी चौथ्या तासाची घंटा जाहल्यापासून शुक्रवारी शाळा सुटेपर्यंत, इतिहासाच्या निमित्ताने जे रण माजले, जी फर्माने सुटली आणि जो तह जाहला, त्याची हकिकत जैशी घडली तैशी लिहितो. वाढवून लिहावे तर खोटे होईल आणि गाळून लिहावे तर मुले टोकतील. म्हणोन दोन्हींची खबरदारी राखली आहे.

पेशजी इतिहासाची अवस्था काय होती ते आधी सांगणे प्राप्त. त्या शाळेत इतिहासाचा मुलूख लहान, आठवड्यास दोन तास, आणि चहूकडे शेजारी बलाढ्य. गणित ऐसे दांडगे की घंटा झाली तरी हद्द सोडीत नसे. आणि बिशपसाहेबांची स्वारी शुक्रवारी शाळा पाहावयास येणार ऐसा खलिता आल्यापासून गायनवृंदाने इतिहासाचा गुरुवारचा तास बेलाशक गिळला होता. उरला मंगळवारचा. त्या एका तासावर चौथीच्या टीचर राज्य करीत होत्या. टीचर म्हणजे अठ्ठावीस वर्षे खडू झिजवलेल्या, गुडघ्यांनी दुखणाईत, आवाजाने खणखणीत, आणि स्वभावाने ऐशा की पोराने कितीही चुकीचे उत्तर दिले तरी आधी म्हणत, "अस्सं? का बरं?"

मोहिमेच्या आधी दोन आठवडे टीचरांनी वर्गास पुसले, की मोशे आधी की आगगाडी आधी? त्यासरशी वर्गात दोन तट पडले आणि बाके वाजू लागली. मग चिकट्या उठला. हा चिकट्या म्हणजे वर्गाच्या डिंक आणि खळीच्या कारखान्याचा दरोगा, ज्याची बोटे वर्षभर एकमेकांना चिकटलेली असत. तो म्हणाला, "टीचर, आगगाडी असती तर मोशेनं समुद्र कशाला दुभंगला असता? पूल असता ना!"

तर्क बिनतोड होता आणि उत्तरही बरोबर होते. इतक्यात मागल्या बाकावरून मापाडी उठली. मापाडी म्हणजे ती मुलगी, जिची फूटपट्टी दप्तरात कधी विसावत नसे. डबा, वेणी, खोडरबर, शेजारणीचे नाक, जे दिसेल ते मोजावे आणि वहीच्या शेवटच्या पानावर टिपावे, ऐसा तिचा परिपाठ. तिने अदबीने विचारले, "टीचर, तुम्ही लहान होता तेव्हा इजिप्तचा राजा फेरो होता का?"

कोणी हसले नाही. टीचरांस लागले ते हेच. एकतीस मुले खरोखर उत्तराची वाट पाहत होती. म्हणजे एकतीस डोक्यांत नोहाचे तारू, फेरोचे रथ आणि टीचरांचे बालपण एकाच गाठोड्यात बांधलेले होते आणि गाठोड्यावर लिहिले होते 'खूप पूर्वी'.

मग टीचरांनी मनसुबा केला की काळ भिंतीवर मांडावा. फर्मान काढले, की एक फूटपट्टी म्हणजे शंभर वर्षे आणि तीन सेंटिमीटर म्हणजे दहा. सर्वांनी जुनी कॅलेंडरे आणावी, पाठकोऱ्या बाजूने कापावी आणि जोडावी. आणि राजे, संदेष्टे, छापखाना, आगगाडी यांच्या खुणा झाल्यावर प्रत्येकाने आपल्या घरच्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाच्या जन्मसालावर लाल कागदाचा ठिपका लावावा, जेणेकरून बादशहांच्या पंक्तीस आपले माणूस बसावे.

त्या एकतीस ठिपक्यांत सर्वांत दूरचा ठिपका मापाडीच्या पणजीचा. पणजीचे वय शंभराला आठ कमी. म्हणोन पट्टीच्या शेवटी जेथे 'आज' लिहिले होते तेथून मागे सत्तावीस सेंटिमीटर सहा मिलिमीटर. मापाडीस याचा अभिमान इतका की मधल्या सुट्टीत जाणाऱ्या-येणाऱ्यास अडवून दाखवी, "ही माझी पणजी. हिच्या पलीकडे कोणाचंच कोणी नाही." आणि घरी पणजी खाटेवरून उठत नसे, परंतु मापाडी शाळेतून आली की पहिला प्रश्न तिचाच, "काय गं, आहे ना मी अजून भिंतीवर?"

आता चूक कोठे जाहली ते सांगतो. शहाणा मनुष्य काय करता? प्रभूच्या जन्माची खूण भिंतीवर मधोमध, चांगल्या जागी लाविता, आणि तेथून मागे व पुढे मोजता. परंतु टीचर पडल्या गोष्ट सांगणाऱ्या. गोष्ट सुरुवातीपासून सांगावी हा त्यांचा अठ्ठावीस वर्षांचा नेम. त्यांनी चौथीच्या चौकटीपाशी 'माणूस लिहू लागला' ऐसे लावले आणि फौजेसह पुढे कूच केले. पिरॅमिड घेतले, मोशे घेतला, दावीद राजा घेतला. मापाडी फूटपट्टी ठेवी, चिकट्या खळ फासी, बाकीचे कागद धरीत. आणि सर्वांच्या नजरा पट्टीवर, पुढे काय येते आहे इकडे एकाचीही नाही. तीस फूटपट्ट्या भरल्या, आणि चांदणी व गव्हाण काढलेली प्रभुजन्माची खूण मापाडीने टेकविली, आणि चिकट्याने फासली, आणि मग सर्व जण एक पाऊल मागे सरले.

खूण मुलींच्या बाथरूमच्या दारावर आली होती. बरोबर मधोमध, कडीच्या वर.

दाराची रुंदी अडीच शतके. तेवढ्यात रोमन साम्राज्याची ऐन भरभराट बसली होती. टीचरांनी पट्टी दोन्ही चौकटींपाशी कापून दिली, जेणेकरून दार चालावे. आणि तेव्हापासून कोणी दार ढकलले की रोमन साम्राज्य आत जाई आणि दार लागले की परत येई. मुलांना यात काही वावगे दिसले नाही. टीचरांस दिसले, परंतु पुढे वीस शतके उभी होती, घंटा व्हावयास आठ मिनिटे होती, आणि माप खरे होते. त्यांनी म्हटले, चला.

मंगळवारी चौथ्या तासास 'आज' लागले आणि पट्टी पुरी जाहली. त्याच तासास मोठ्या सिस्टर व्हरांड्याने आल्या.

मोठ्या सिस्टर म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका, सर्व वर्गांच्या, घंटेच्या, किल्ल्यांच्या आणि फिनाइलच्या बाटल्यांच्या मालकीण. चालताना त्यांचा आवाज होत नसे. मुलांना त्या आल्याचे कळे ते अचानक पसरलेल्या शांततेवरून. त्यांनी पिरॅमिड पाहिले, मान डोलावली. मोशे पाहिला, संतोष पावल्या. मग दारापाशी आल्या आणि थबकल्या.

"टीचर," त्या हळू म्हणाल्या, "प्रभूचा जन्म... बाथरूममध्ये?"

"दारावर, सिस्टर," टीचर म्हणाल्या. "आत नाही."

"शुक्रवारी बिशपसाहेब येताहेत. या अख्ख्या भिंतीवर दुसरी जागा नव्हती?"

यावर टीचर उत्तर देणार, तो चिकट्या मध्येच बोलला, "सिस्टर, पण तेव्हाही जागा नव्हतीच ना. म्हणून तर गोठ्यात जन्मले. आणि गोठ्यातही वास असणारच की!"

मुद्दा धर्मशास्त्रास धरून होता, परंतु वेळ चुकली. चिकट्यास मधली सुट्टी होईपर्यंत भिंतीकडे तोंड करून उभे राहण्याची सजा जाहली, आणि तो बाराव्या शतकापाशी उभा राहिला. मोठ्या सिस्टरांनी फर्मान सोडले, की खूण सात फूटपट्ट्या पुढे सरकवून माता मरियेच्या कोनाड्याखाली आणावी, आईपाशी लेकरू शोभेल. आणि हे काम शुक्रवारच्या आत व्हावे, बहाणा चालणार नाही.

बुधवारी मधल्या सुट्टीत पहिली मसलत जाहली. पट्टी उपटण्याआधी सुतळीने अंदाज घ्यावा ऐसे ठरले. सुतळीस शतकाशतकांवर चिठ्ठ्या बांधिल्या, प्रभुजन्माची चिठ्ठी कोनाड्याखाली धरिली, आणि पुढची शतके सोडीत फौज चालली. भिंत संपली. शतके संपेनात. छापखाना पायऱ्या उतरला, आगगाडी पायऱ्या उतरली, आणि एकतीस घरच्या आज्या, आजोबा व एक पणजी थेट गळक्या नळाखाली पोहोचल्या. तेथे दुसरीची मुले डबे धूत होती. त्यांतल्या एकाने 'चंद्रावर माणूस' या चिठ्ठीने आपला डबा पुसला. पाच मिनिटांत विसाव्या शतकाचा लगदा जाहला आणि सुतळीचे सैन्य माघारी फिरले.

हे वर्तमान कळताच मोठ्या सिस्टर स्वतः रणभूमीवर आल्या आणि दुसरी तजवीज सांगितली.

"मग कोनाड्याच्या पुढची शतकं जरा लहान करा, टीचर. वीस फूटपट्ट्यांचं तेरामध्ये बसवा. कोणाला कळतंय?"

"मला," मापाडी म्हणाली.

 मापाडीने वहीचे शेवटचे पान उघडले, ओठ हलवीत हिशेब केला आणि वर पाहिले. "सिस्टर, तसं केलं तर माझी पणजी साठ वर्षांची होते."

"कागदावर गं, बाळ."

"पण ती भिंतीवर कागदावरच आहे. बत्तीस वर्षं जातात तिची. ती काल घरी गेल्या गेल्या विचारत होती, मी आहे ना अजून भिंतीवर. मी काय सांगू? आहेस, पण साठच?"

मोठ्या सिस्टर कठोर नव्हत्या. त्यांस घरी आई होती, आणि आईची कोणी बत्तीस वर्षे कमी केली असती तर त्यांना काय वाटले असते ते त्यांस ठाऊक होते. त्या टीचरांकडे वळल्या, की तुम्ही समजवा. परंतु टीचर म्हणाल्या, "सिस्टर, पंधरा दिवस मी यांना एकच सांगितलं, की शतक सगळीकडे सारखंच असतं, राजाचं असो की आपलं. आता कुठल्या तोंडानं सांगू, की पाहुणे येणार असले की ते आखडतं?"

दुसरी तजवीज तेथेच मोडली. मोठ्या सिस्टर निघून गेल्या, परंतु जाताना त्यांच्या पावलांचा आवाज जाहला, हे मुलांनी लक्षात ठेविले.

गुरुवारी सकाळी तिसरा हल्ला. रंगमंचावरचा जांभळा मखमली पडदा, खाली सोनेरी झालरीचा, आणोन शिपाईमामांनी बाथरूमच्या दारावर टांगिला. पट्टी दोन्ही अंगांनी पडद्याआड जाई आणि पडद्याबाहेर निघे. मधले काही दिसेना. मोठ्या सिस्टरांनी दूर उभे राहून पाहिले आणि समाधान पावल्या. परंतु या बंदोबस्तात पहिलीच्या रयतेचा विचार कोणी केला नव्हता. तिसऱ्या तासानंतर पहिलीच्या मुली रांगेने आल्या, तो जेथे दार असावे तेथे मखमल, झालर आणि वर चांदणीचे एक टोक. ऐसे काही त्यांनी फक्त चर्चमध्ये पाहिले होते. पहिल्या मुलीने क्रूसाची खूण केली. तिचे पाहोन दुसरीने केली. मग सर्वच हात जोडून, एका पायावरून दुसऱ्या पायावर होत, अत्यंत भक्तिभावाने उभ्या राहिल्या, आणि आत जाण्याची हिंमत एकीसही होईना. पुढे काय जाहले ते लिहिणे उचित नव्हे, इतकेच नमूद करितो की शिपाईमामांस बादली आणि पोछा घेऊन दोन वेळा यावे लागले, आणि जाता जाता ते पुटपुटले, "पडदा लावताना मला एक शब्द विचारला असता तर?"

पडदा उतरला. आता मोठ्या सिस्टरांनी अखेरचे फर्मान काढले, की पट्टी उपटावी. टीचर ओला स्पंज घेऊन आल्या, मुले खिडकीतून पाहत राहिली. परंतु चिकट्याने खळीत काय घातले होते ते त्याचे त्यालाच ठाऊक. कागद सुटेना, सुटला तेथे भिंतीचा पिवळा रंग सोबत घेऊन सुटला, आणि भिंतीवर एक पोपडा उडून दुसरीच आपत्ती दिसू लागली. मग ऐसे ठरले, की शनिवारी रंगारी येईल आणि भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत खरवडून नवा रंग देईल. तोवर शुक्रवारची वेळ निभवावी. बिशपसाहेब व्हरांड्याने येतील तेव्हा चौथीच्या गायनवृंदाने बाथरूमच्या दारापुढे दोन रांगांत उभे राहून स्वागतगीत म्हणावे, उंच मुले मागे, आणि पाहुणे चहाला आत जाईपर्यंत रांग मोडू नये. आणखी हुकूम, की पट्टीविषयी कोणी आपण होऊन एक अक्षर काढू नये.

शाळा सुटल्यावर मापाडी पट्टीच्या शेवटी येऊन उभी राहिली आणि लाल ठिपका नखाने खरवडून पाहू लागली, की निदान तेवढा तरी घरी नेता येतो का. येईना. टीचर मागे येऊन उभ्या राहिल्या.

"पणजीला काय सांगशील?" टीचरांनी विचारले.

"आज आहेस, असं सांगीन. आजपुरतं खरं आहे."

यावर टीचरांनी तिची वेणी सरळ केली.

शुक्रवारी दहा वाजता बिशपसाहेबांची स्वारी आली. जांभळा कमरपट्टा, जाड भिंगांचा चष्मा, थोडी धाप, आणि एक खोड, जी मोठ्या सिस्टरांस ठाऊक नव्हती: भिंतीवर जे लिहिलेले असेल ते सर्व वाचावयाचे, मग ते अग्निशामकाचे सूचनापत्र का असेना. ते व्हरांड्यात शिरले आणि पहिल्याच खुणेपाशी थांबले. "माणूस लिहू लागला," त्यांनी मोठ्याने वाचले. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, की चहा निवेल. साहेब म्हणाले, की निवो. आणि एकेक खूण वाचीत, चष्मा वर-खाली करीत, ते शतकामागून शतक चालू लागले. गायनवृंद दारापुढे ठाम उभा. साहेब दावीद राजापाशी आले, संदेष्ट्यांपाशी आले, आणि पुढे पाहतात तो मुलेच मुले.

"पुढे?" त्यांनी विचारले. "संदेष्टे झाले, आणि एकदम तुम्ही?"

मोठ्या सिस्टरांनी बोट हलविले आणि दुसरे गीत सुरू जाहले. साहेबांनी ते पूर्ण ऐकले. धीराचे गृहस्थ. गीत संपताच पुन्हा विचारिते जाहले, "छान. आता सांगा, प्रभूचा जन्म कुठे आहे?"

मुलांनी मोठ्या सिस्टरांकडे पाहिले. तो रांगेच्या पाठीमागून, दाराच्या आतून, धपधप ऐसा आवाज आला आणि एक बारीक स्वर उमटला.

"मला बाहेर यायचंय!"

रांग उभी राहण्याच्या आधीच पहिलीतली एक मुलगी आत गेली होती. दार आतून ओढावे तो पुढे भिंतीसारख्या पाठी पाहून घाबरली आणि तिने ते पुन्हा लावून घेतले होते. मोठ्या सिस्टरांनी डोळे मिटले. रांग आपोआप दुभंगली. रोमन साम्राज्य आत गेले आणि त्या जागी, इसवी सनाच्या ऐन उंबऱ्यावर, दोन ओले हात पुढे केलेली एक चिमुरडी उभी राहिली. पहिलीचा रिवाज ऐसा, की बाहेर आले की समोर जे मोठे माणूस असेल त्यास हात धुतल्याचे दाखवावे, त्याशिवाय वर्गात जाऊ नये. समोर बिशपसाहेब होते.

"धुतले," ती म्हणाली.

साहेबांनी कमरेतून वाकून दोन्ही हात तपासले. पालथे करावयास लावले, तेही तपासले. "नखं?"

"रविवारी आई कापते."

"बरं. जा," साहेब म्हणाले, आणि ती धावत गेली. दार लागले. रोमन साम्राज्य परत आले, आणि चांदणी व गव्हाणीची खूण बिशपसाहेबांच्या नाकासमोर येऊन थांबली.

साहेबांनी खूण वाचली. मग दार पाहिले. मग दारावरची पाटी वाचली, कारण खोड ती खोड.

"हे इथे कोणी लावलं?"

"मी, साहेब," टीचर म्हणाल्या.

"आम्ही," चिकट्या म्हणाला.

"उद्या काढतोय," मोठ्या सिस्टर घाईने म्हणाल्या. "रंगाऱ्याला सांगितलंय. चूक झाली."

"चूक नाही झाली," मापाडी म्हणाली. आता साहेबांनी विचारलेच होते, म्हणजे हे आपण होऊन बोलणे नव्हे, ऐसा तिचा हिशेब. "मी तीनदा मोजलंय. वर्गाच्या दारापासून तीस फूटपट्ट्या. मोजलं की इथेच येतं. सरकवलं तर सगळे नळाखाली जातात, आणि आखडलं तर माझी पणजी बत्तीस वर्षांनी कमी होते. आणि उद्या खरवडलं तर ती राहतच नाही."

बिशपसाहेबांस यांतले निम्मे समजले. त्यांनी समजावून घेतले. फूटपट्टी हातात घेतली, शतक म्हणजे केवढे ते पाहिले, आणि मग ऐसे काही केले जे मोठ्या सिस्टरांच्या कार्यक्रमपत्रिकेत नव्हते: ते मागे फिरले, मोशेपाशी जाऊन उभे राहिले, आणि तेथून प्रभुजन्मापर्यंत, भिंतीवरून बोट ओढीत, पाऊल मोजीत चालले. आठ पावले जाहली. मधल्या रिकाम्या कागदावर बोट बराच वेळ एकटेच सरकत होते. साहेब दारापाशी आले तेव्हा त्यांस धाप लागली होती.

"इतकी वर्षं वाट पाहिली होय लोकांनी," ते म्हणाले. मुलांना उद्देशून नव्हे, कोणालाच उद्देशून नव्हे. "मी आपला दर वर्षी उपदेशात म्हणतो, 'दीर्घकाळ'. दीर्घकाळ म्हणजे केवढा, ते आज पायांना कळलं."

मग मोठ्या सिस्टरांकडे वळोन त्यांनी फर्माविले, की रंगाऱ्यास निरोप द्यावा, या भिंतीस हात लावावयाचा नाही. आणि दार जैसे आहे तैसे चालू ठेवावे, नाहीतर ती हात धुणारी बया जाईल कोठे?

मोठ्या सिस्टर पराभवातही मोठ्याच. त्यांनी मान लवविली, आणि लगेच आपली कलमे मांडिली, ती उभयपक्षी मान्य जाहली: दारास नवा निळा रंग द्यावा, मात्र खुणेभोवतीने, फिनाइल दिवसातून तीन वेळा पडावे, चिकट्याने यापुढे खळीत काय घालतो ते आधी सांगावे, आणि इतिहासाचा गुरुवारचा तास गायनवृंदाने सोमवारपासून बिनशर्त परत करावा. हे शेवटचे कलम टीचरांचे होते, आणि त्यांनी ते ऐसे मध्येच घुसविले की मोठ्या सिस्टरांस मान डोलावून झाल्यावरच ते कळले.

येणेप्रमाणे चौथीच्या फौजेने चार दिवस झुंज देऊन, सुतळीचा मोड होऊन, मखमलीचा वेढा सोसून, पंधरा मीटर मुलूख पाच हजार वर्षांसह राखिला. एकही शतक आखडले नाही, भिंतीवरची एकही आजी भिजली नाही, आणि मापाडीच्या पणजीची ब्याण्णव वर्षे पुरी ब्याण्णव राहिली. फत्ते जाहली, ती शुक्रवारी दहा वाजून चाळीस मिनिटांनी. चहा निवला होता.

चहाला जाता जाता बिशपसाहेब पट्टीच्या शेवटी थांबले आणि म्हणाले, "आणि मी कुठे आहे यात?"

"तुमचं वय किती?" मापाडीने विचारले.

मोठ्या सिस्टरांनी श्वास रोखला. परंतु साहेब म्हणाले, "सत्तर."

मापाडीने फूटपट्टीचा शून्य 'आज'वर टेकविला, मागे एकवीस सेंटिमीटर मोजले आणि पेन्सिलीने खूण केली. मग शेजारच्या लाल ठिपक्याकडे पाहिले. "तुम्ही माझ्या पणजीपेक्षा साडेसहा सेंटिमीटरनी लहान आहात. जरा जास्तच."

"मग तिला माझा नमस्कार सांग," बिशपसाहेब म्हणाले. "लहानानं मोठ्याला सांगावा तसा."

मुले हसली, टीचर हसल्या, शिपाईमामा हसले, आणि कितीतरी दिवसांनी मोठ्या सिस्टरही हसल्या. मापाडीस ते बरे वाटले; आपल्या लोकांत एक मोठे माणूस अजून भिंतीवर यावयाचे राहिले आहे, हे तिच्या ध्यानी आले. तिने फूटपट्टी फ्रॉकला पुसली, शून्य पुन्हा नेमका 'आज'वर टेकविला, पेन्सिल सज्ज केली, आणि अत्यंत आदराने मान वर करून मोठ्या सिस्टरांकडे पाहत उभी राहिली.